पाटाच्या कडेची वाट

रंभाजी साळव्यांना उसाच्या ट्रॅक्टरनं धडक दिली नव्हती, नुसतं बाजूला सारलं होतं. मागची ट्रॉली हेलकावली, बाहेर लोंबणाऱ्या उसाच्या शेंड्यांनी त्यांच्या सायकलचं हँडल ओढलं, आणि ते मनमाड रोडच्या कडेच्या चारीत जाऊन पडले. ट्रॅक्टरवाल्याला कळलंही नाही. त्याचा टेप मोठ्यानं चालू होता. पाय गुडघ्याखाली मोडला. सायकलला मात्र ओरखडाही आला नव्हता. गावातल्या कुणीतरी ती आणून घराच्या भिंतीला टेकवली, आणि ती तशीच उभी राहिली.

त्याच सायकलच्या कॅरिअरवर बसून त्यांची मुलगी वृषाली रोज राहुरीला कॉलेजात जायची. तिला सोडून ते पुढं कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत कामाला जायचे. आता ते बाजेवर पडून होते. कारखान्यांचा हंगाम भरात होता आणि रस्त्यावरून दिवसभर उसाच्या गाड्या वाहत होत्या. वृषालीला सायकल येत होती, पण तिच्या आईनं, भिमाबाईनं, एकदाच सांगून टाकलं होतं, "त्या रोडला सायकल घालायची न्हाई. घरात एक पाय मोडला तेवढा बास."

मग राहिली एसटी. ती फाट्यावर थांबली तर थांबायची.

एका दुपारी परतीची एसटी चुकली, तेव्हा वृषाली रस्ता सोडून पाटाच्या कडेनं घराकडं निघाली. मुळा धरणाच्या पाटाला त्या दिवसांत पाणी सुटलेलं होतं. काठावर पूर्वी पाटबंधाऱ्याची जीप फिरायची तेवढी रुंद वाट होती, तिच्यावर आता गवत माजलं होतं आणि कडेनं वेड्या बाभळी वाढल्या होत्या. पाणी आवाज न करता चाललं होतं. त्याच्यात आभाळ होतं, तारेवरचा खंड्या होता, पलीकडच्या लसूणघासाचा हिरवा पट्टा होता. चालता चालता तिला वाटायला लागलं की पाणी जागेवर थांबलंय आणि आपण, हा काठ, ही झाडं, सगळं मिळून हळूहळू कुठंतरी वाहत निघालोय. घर आलं तेव्हा ती दचकली. वाटेत एकही हॉर्न ऐकू आला नव्हता.

"आण्णा," जेवताना ती वडिलांना म्हणाली, "पाटाच्या कडेनं सायकल नेली तर?"

रंभाजींनी हातातला घास खाली ठेवला. "वाट हाय खरी. पण मधी सहादेवतात्याचं रान लागतं. त्यानं काट्या लावून काठच आवळलाय."

"काट्या बघितल्या मी, चारीतून वळसा घालून आले. सायकलचं बघते तरी."

"बघ. ब्रेक कमी लागतो, एवढं ध्यानात ठेव," ते म्हणाले. भिमाबाई पाण्याला भीत होती, पण ट्रॅक्टरला त्याहून जास्त. तिनं अडवलं नाही.

सकाळी पाण्यावर धुकं होतं. वृषाली काठावर आली तेव्हा पाट दिसतच नव्हता. नुसता एक पांढरा, लांबलचक श्वास जमिनीवर पडलेला होता. ती त्याच्या कडेनं निघाली. दवानं भिजलेल्या गवतात चाकांचा आवाज बुडून गेला. कुठून तरी चुलीच्या धुराचा वास आला, कुठून गुऱ्हाळाचा. समोरची झाडं एकेक करून धुक्यातून बाहेर येत आणि तिला वाट देऊन मागं सरत होती.

मग काट्या आल्या.

बाभळीच्या फांद्यांचं कुंपण थेट पाण्याच्या कडेपर्यंत गेलं होतं, आणि त्याच्या आत, जिथून जीप जायची तिथं, कडब्याची गंजी रचलेली होती. पलीकडं सहादेवतात्या म्हशीची धार काढत बसले होते.

"पोरी, इथून वाट न्हाई," ते मान वर न करता म्हणाले.

"तात्या, काठ सरकारी आहे ना?"

"आसंल. पर म्हशी माझ्या हायेत. काट्या काढल्या की पाटात पडत्यात."

वृषालीनं वाद घातला नाही. ती सायकल घेऊन काठावरून खाली उतरली, चारीतून चिखल तुडवत गेली आणि रान संपल्यावर पुन्हा वर चढली. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्याही. चप्पल हातात, सायकल खांद्यावर.

तात्यांची बायको गोजरबाई गोठ्याच्या दारातून हे रोज बघत होती. पन्नाशीची, उंच, कमी बोलणारी बाई. एका सकाळी ती चारीत उतरली आणि सायकलचं मागचं चाक उचलून धरलं. दोघींनी मिळून सायकल वर नेली.

"आवघड आस्तं का गं?" गोजरबाईनं विचारलं.

"काय, मावशी?"

"हे. चालवनं."

वृषाली हसली. गोजरबाई हसली नाही. तिनं पाटाच्या वाहत्या अंगाकडं बोट केलं. "माझी थोरली बहीन, मुक्ता, तिकडं ऱ्हाती. दोन गावं सोडून, ह्याच पाटावर. तिची नजर गेली. मला दिवाळीला न्ह्यायला यांना सवड झाली तर व्हती, न्हाई तर न्हाई. रोज ह्ये पानी तिच्या दाराम्होरून जातंय, आन मी हितं बसलीया."

दुसऱ्या दिवसापासून वृषाली घरून लवकर निघू लागली.

धुक्यामुळं ते कुणाला दिसलं नाही. काट्यांच्या अलीकडच्या सपाट काठावर गोजरबाई रंभाजींच्या सायकलवर बसायची, वृषाली मागून कॅरिअर धरून पळायची. नऊवारीचा काष्टा होता, त्यामुळं मधल्या दांडीवरून पाय टाकायला गोजरबाईला काही अडलं नाही. अडत होतं ते दुसरंच. ती सारखी खाली चाकाकडं बघायची आणि पडायची.

"खाली नका बघू मावशी. लांब बघा."

"लांब तर काय बी दिसंना!"

"मग जे दिसत नाही तिकडं बघा."

गोजरबाईनं मान वर केली आणि धुक्यात बघितलं. पायडल फिरत राहिलं. वृषालीनं हात कधी सोडला ते तिचं तिलाही समजलं नाही. समोर पांढऱ्यात एक हिरवं लुगडं तरंगत लांब गेलं, पुसट झालं आणि दिसेनासं झालं. वृषाली घाबरून धावत सुटली. पुढं गोजरबाई सायकल धरून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, गुडघा फुटला होता.

"आगं, मी न्हवतेच तिथं," ती म्हणाली. "कुनीतरी दुसरीच चालली हुती. लई हलकी."

गुडघा फुटला म्हणूनच सगळं कळलं. तात्यांनी विचारलं, गोजरबाईनं सरळ सांगितलं. ते जेवले, झोपले. सकाळी उठून बघतात तर बायको दाताळं घेऊन काठावर उभी आणि काट्या ओढून एका बाजूला टाकतेय.

"म्हशी पाटात जातील," ते ओरडले.

"म्या तीस वर्षं वळल्या म्हशी. एक तरी पडू दिली का?" गोजरबाई काट्या ओढतच राहिली. "मला जायचंय. तुमच्यासंगं न्हाई, तुमच्याबिगार न्हाई. नुसतं जायचंय."

तात्या गोठ्यात परत गेले. त्यांनी दिवसभर वैरण कापली, गरजेपेक्षा जास्त. संध्याकाळी त्यांनी पटका बांधला आणि ते साळव्यांच्या वस्तीकडं निघाले. लहानपणी रंभाजी आणि ते एकाच शाळेत होते, तरी या घरात ते कधी आले नव्हते. भिमाबाईनं लगबगीनं सतरंजी टाकली, पण ते सतरंजीवर न बसता रंभाजींच्या बाजेच्या कडेला बसले.

"पाय कसा हाय?"

"ठनका कमी झालाय."

चहा आला. तात्यांनी बशीत ओतला, फुंकर घातली, प्याले. मग म्हणाले, "रंभा, मानूस जाईल आन म्हैस जायची न्हाई, आसं काय करता येतं का रं?"

रंभाजी उशीला टेकून थोडे उठून बसले. "आमच्या रोपवाटिकेला हाय तसं. दोन-दोन खांब मागंपुढं, आडवे-तिडवे रोवायचे. मानसानं सायकल वाकडी करून काढायची. म्हशीला अंग मोडता येत न्हाई, ती उभीच ऱ्हाती."

"तू येशील दाखवायला?"

"मला कोन आनील?"

"मी हाय की," तात्या म्हणाले.

बैलगाडीत गादी टाकून त्यांनी रंभाजींना काठावर नेलं. रंभाजी गाडीतून सांगत होते, तात्या खड्डे घेत होते. बाभळीचे चार खांब लागले. गंजी उचलून गोठ्यामागं नेली. पहिल्यांदा सायकल काढायचा मान वृषालीला मिळाला. हँडल थोडं अडकलं, तात्यांनी एक खांब वीतभर सरकवला, मग चाकं सुटली. तात्यांची सगळ्यात वांड म्हैस पुढं आली, तिनं खांबांकडं बघितलं, मान वाकडी करून पाहिली आणि रवंथ करत उभी राहिली. रंभाजी इतके हसले की पायात कळ आली.

वाट झाली तसे लोक तिच्यावर येत गेले. आधी कॉलेजच्या दोन मुली आल्या, मग दूधवाला, मग शाळेचे मास्तर. रविवारी जमून त्यांनी बाभळी छाटल्या, खड्ड्यात मुरूम टाकला. मोठ्या रस्त्यावर उसाच्या गाड्या तशाच वाहत राहिल्या. पण आता त्यांच्या चाकांजवळून जाणारं कुणी आपलं नव्हतं, आणि भिमाबाई सकाळी पोर निघाली की दारात उभी न राहता भाकरी थापायला बसायला लागली.

उन्हाळ्याच्या तोंडावर तात्या कांदा घेऊन नगरला गेले. परतताना टेम्पोच्या टपावर बांधलेली एक जुनी लेडीज सायकल घेऊन आले. भिंगारच्या बाजारात दिसली, म्हणाले, आणि ती गोठ्याला टेकवून हात धुवायला गेले. गोजरबाईनं घंटी वाजवून बघितली. आतून तात्या म्हणाले, "म्हशी बुजत्यात. हळू वाजव."

मुक्ताबाईकडं जायचं ठरलं तेव्हा गोजरबाईनं वृषालीला सोबत घेतलं. दोघी पाटाच्या कडेनं गेल्या, पाण्याच्या चालीनं. मुक्ताबाई ओट्यावर बसलेली होती. सायकलींचा आवाज ऐकून तिनं मान फिरवली.

"कोन आलं?"

"मी. गोजरा."

"कुनासंगं आली?"

"मीच आली."

मुक्ताबाईनं हात पुढं केला. आधी बहिणीचा चेहरा चाचपला, मग खाली जात हँडल, सीट, चाक, चाकाच्या तारा. एकेक तार तिनं बोटानं वाजवली. "तू?" ती म्हणाली. "तू यावर?" आणि ती अशी खदखदून हसली की शेजारची बाई बाहेर आली.

ऊन कलल्यावर मुक्ताबाईनं सायकलवर बसायचा हट्टच धरला. वृषालीच्या कॅरिअरवर पोतं घडी करून टाकलं, त्यावर मुक्ताबाई एका अंगानं बसली, वृषालीची कंबर घट्ट धरून. गोजरबाई आपल्या सायकलवर पुढं. काठावर करंजाच्या सावल्या पसरल्या होत्या. सायकली त्यांच्यातून जात होत्या तसं मुक्ताबाईच्या चेहऱ्यावर ऊन येत होतं आणि जात होतं.

"आता सावली लागली," ती म्हणायची. "आता ऊन. आता पानी जवळ आलं." तिनं पदर सोडून दिला. तो वाऱ्यावर मागं उडत राहिला. वृषाली सावकाश पायडल मारत होती, पाठीवर तिला म्हातारीच्या गालाची ऊब लागत होती.

"गोजरे," मुक्ताबाईनं हाक मारली, "पुढं काय हाय गं?"

"पुढं नुसती वाट हाय, आक्का," गोजरबाई मागं न बघता ओरडली. "लई लांब जाती."

"मग जाऊ दे की," मुक्ताबाई म्हणाली.