दिवसाढवळ्या चकवा

वर्षालीने कोमट पाण्याचं घमेलं पुढे सरकवलं आणि सासऱ्यांचा पाय त्यात ठेवला. टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. ती तो सुईने काढू लागली. टीव्ही, फ्रिज, देवघर, सगळीकडे आबा नुसते बघत होते.

तिच्या नवऱ्याचं, नवनाथचं हसू मात्र अजून ओसरत नव्हतं. सकाळी दूध आणायला गेलेला त्याचा बाप दुपारी कंपनीच्या मागच्या भिंतीपाशी सापडला होता. जिथे एके काळी त्यांचं ज्वारीचं रान होतं, तिथेच. चाकणच्या बाजूला बहुतेकांची रानं कंपन्यांखाली गेली. त्याचं आता कुणी मनाला लावून घेत नाही. गेटवरच्या वॉचमनने आबांना ओळखलं म्हणून बरं.

"चकवा लागला म्हनं!" नवनाथ म्हणाला. "एमआयडीसीत, दिवसाढवळ्या! कंटेनरवाल्यांना सांगाय पायजे, जपून चालवा म्हनावं."

वर्षालीलाही हसू फुटलं. ती निगडीच्या प्राधिकरणात वाढलेली. फलंदाजाला चेंडू चकवतो, एवढीच तिची त्या शब्दाशी ओळख.

"आबा, चकवा म्हणजे नेमकं काय हो?"

आबांनी पाय घमेल्यातून काढून घेतला. नवनाथकडे एकवार पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"फसवं दाखवतो त्यो. रानात मानूस चुकलं, की लांब दिवा दिसतो. दिव्याच्या रोखानं जावं, तर दिवा न्हाई. फिरून फिरून परत त्याच झाडाखाली."

"पण आता आलात ना घरी?"

"त्येच तर. जोराचा चकवा आसला, तर घर बी दाखवतो. हुबेहूब. आपलंच दार, आपलीच तुळस. आत मानसं बी आसत्यात. गोड बोलत्यात, पानी देत्यात." पुढ्यातला भरलेला तांब्या त्यांनी हळूच लांब सारला. "पर ती आपली नसत्यात."

नवनाथचं हसणं थांबलं. वर्षाली जरा पुढे सरकली.

"आबा, मी कोण?"

आबा ओशाळले.

"रागावू नगा बाई. तुमी चांगल्या घरच्या दिसताय. परक्याचा काटा कोन काढतंय एवढ्या मायेनं?"

तुमी! लग्न होऊन आल्यापासून या माणसाने तिला 'पोरी'खेरीज दुसरी हाक मारली नव्हती. तिचे आईवडील गेल्यावर तिला हक्काने अगं-तुगं करणारं वडीलधारं माणूस हे एवढंच उरलं होतं. ते हाताच्या अंतरावर बसलं होतं आणि तिला अहो-जाहो करत होतं. तिला भयंकर भीती वाटली.

"आबा, आवो काय बोलताय..." नवनाथ पुढे आला. तिने हातानेच त्याला थांबवलं.

"कुठे सोडू तुम्हाला?"

"घरी. सून वाट बघत आसंल."

"फोन करू का तिला?"

"नगं, नगं!" आबा घाईघाईने म्हणाले. मग तिच्याकडे जरा वाकून, विश्वासात घेऊन बोलले, "तिला चकव्याचं कायबी सांगू नगा. लई जीव हाय तिचा माझ्यावर. रडत बसंल पोर."

"नाही सांगणार," वर्षाली म्हणाली आणि घमेलं उचलून मोरीकडे गेली.