सिंधूच्या कपाळापर्यंत

सोसायटीच्या हळदीकुंकवात मी सिंधूला कुंकू लावायला बोट पुढे केलं, त्याला रथसप्तमीला नऊ दिवस झाले, तरी ते तिच्या कपाळापर्यंत पोचलं नव्हतं. सिंधू माझी सख्खी धाकटी बहीण. ती समोर खुर्चीत बसून होती आणि मी तिच्याकडे चालत होते.

ठराव माझाच होता. दोन वर्षांपूर्वी सिंधूचा नवरा गेला. गेल्या महिन्यात महिला मंडळाच्या सभेत मी उभी राहिले आणि म्हणाले, यंदापासून विधवा बायकांनाही कुंकू लावायचं, आणि पहिलं माझ्या बहिणीला, माझ्या हातानं. टाळ्या पडल्या, एकदोघींनी डोळे पुसले. मलाही माझं फार कौतुक वाटलं. गेल्या संक्रांतीला हीच सिंधू माझ्याकडे आली होती, तेव्हा बायका यायच्या वेळेला मी तिला कढीपत्ता आणायला बाहेर पाठवलं होतं. कढीपत्ता घरात होता. सभेत मी हे सांगितलं नाही.

तर डाव्या हातात कोयरी धरून मी अनामिका कुंकवात बुडवली. आमच्या दोघींमध्ये एक फरशी होती. मी पाऊल टाकलं तर दोन झाल्या. दोन ओलांडल्या तर पाच. मी घाई केली नाही. काळी पैठणी नेसून धावणं बरं दिसत नाही.

बाकी कुणाला काही त्रास नव्हता. मंडळाच्या अध्यक्ष घोरपडेबाई मसाला दुधाचा पेला घेऊन दोन पावलांत सिंधूजवळ गेल्या.

"जयमालाताई, मी लावू का?" त्यांनी तिथून विचारलं. "मी इथंच आहे."

"नको. सभेत माझं ठरलंय."

बायकांनी दूध प्यायलं, वाण म्हणून चहाची गाळणी घेतली आणि त्या घरी गेल्या. आम्ही दोघी राहिलो.

तिसऱ्या दिवशी आमचे हे स्कूटरवरून डबा घेऊन आले. हॉल एवढा लांबला होता की स्कूटर आतच आणावी लागली.

"अहो, सिंधू अजून फार लांब आहे का?"

"कुठं लांब? ही काय समोर."

ते उतरले, दोन पावलं चालले, सिंधूच्या हातावर तिळगूळ ठेवला, "गोड बोला" म्हणाले आणि परत आले. परत येताना खोकले.

"खोकला कधीपासून?" मी विचारलं.

"आत्ताच. तीळ अडकला."

मी त्यांचं कपाळ चाचपून बघितलं, ताप नव्हता. मान वर केली तर हॉलची पलीकडची भिंत दिसेनाशी झाली होती. सिंधू मात्र स्पष्ट दिसत होती, आणि तिचं बोलणं कानाशी बसल्यासारखं ऐकू येत होतं.

"ताई, राहू दे. पाय दुखत असतील तुझे."

"छे गं, आलेच."

"भावजींना काही होईल असं वाटतंय का तुला?"

"छे! काहीतरीच काय! मी शिकलेली बाई आहे."

त्या एका वाक्यानं चाळीस फरशा वाढल्या. पुढचे पाच दिवस मी त्या चाळीसच चालत होते.

रथसप्तमीला सकाळी घोरपडेबाई आल्या. संक्रांतीचं हळदीकुंकू त्या दिवसापर्यंतच. शिवाय हॉल दुपारी बारशाला दिलेला होता. मांडववाल्यांनी खुर्च्या घड्या घालून भिंतीला लावायला सुरुवात केली. मांडलेली अशी एकच खुर्ची उरली, आणि तिच्याजवळ दोघे जण येऊन उभे राहिले.

"ताई," सिंधू म्हणाली, "उठू का मी?"

तिनं मुळीच आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी चिडून काहीतरी बोलले असते, आणि ते सोपं गेलं असतं. मला लाज वाटली.

"वाटतं," मी म्हणाले. "तुला कुंकू लावलं तर ह्यांना काहीतरी होईल असं वाटतं. टाळ्या पडल्या तेव्हाही वाटत होतं. गेल्या वर्षी तुला बाहेर पाठवलं तेही त्यासाठीच."

"माहीत आहे," सिंधू म्हणाली.

आमच्यामध्ये एकच फरशी उरली. मी पाऊल टाकलं आणि बोट टेकलं. तिचं कपाळ गार होतं. कुंकू नऊ दिवसांनीही ओलं होतं, नीट गोल उमटलं. मांडववाले थांबले होते. घोरपडेबाई म्हणाल्या, "शाब्बास!"

सिंधू वर बघेना. कोयरी खाली पडून कुंकू फरशीवर सांडलं होतं, पण ती तिकडेही बघत नव्हती. ती माझ्या डाव्या हाताकडे बघत होती. तो कधी गळ्याशी गेला ते मला कळलं नव्हतं. मुठीत मंगळसूत्र होतं, आणि मी कितीही जोर लावला तरी ती मूठ उघडत नव्हती.