बोट उचलायचं नाही

देवासच्या मराठी मंडळाची सभासदयादी एका जुनाट संगणकावर होती, आणि तो संगणक खाष्ट सासूसारखा. हल्लीच्या मेनूवर एकदा टिचकी मारली की तो उघडा राहतो, निवांत निवडा. इथे बटण दाबून धरायचं, निळी पट्टी हव्या शब्दापर्यंत ओढायची आणि तिथेच बोट उचलायचं. जिथे उचललं, ती निवड. सभासदाच्या नावापुढे शब्द दोनच: विद्यमान आणि कैलासवासी.

हे काम आधी भास्करकाका करत. श्रियाला शिकवताना ते म्हणाले होते, "मन बदललं तर बाण मेनूबाहेर ने, मग सोड." पुढे ते या संगणकासमोरच्या खुर्चीतच वारले. दोन दिवस अन्नपाण्यावाचून बसले होते म्हणे; बोट माउसवरून सोडवावं लागलं. पडद्यावर त्यांच्या बायकोचं नाव उघडं होतं. ती बिचारी त्याच दुपारी गेली. लोक म्हणाले, केवढी ही माया.

श्रियाला टिचकीची सवय. पहिल्याच आठवड्यात बदनावर गावच्या विश्वासरावांच्या नावापुढे तिचं बोट चुकीच्या जागी सुटलं: कैलासवासी. तिने लगेच दुरुस्त केलं, तरी संध्याकाळी ते गेल्याचा फोन आला. कुक्षीच्या उदाजीरावांचंही तसंच झालं. तेव्हापासून ती त्या रकान्याच्या वाटेला जात नसे.

आज फक्त माईंचा, म्हणजे तिच्या आजीचा, फोन नंबर बदलायचा होता. शेजारचा रकाना. बटण दाबलं आणि उघडला तो नको तोच मेनू. निळी पट्टी आपणहून खाली सरकली नि कैलासवासीवर बसली. श्रियाने बाण बाहेर नेला, पट्टी हलेना. डाव्या हाताने विजेची तार उपटली. पडदा उजळच राहिला.

एक वाजता माई डबा घेऊन आल्या.

"माई, इधर मत... इथे येऊ नका. मी बोट उचललं ना, तर तुम्ही..."

माईंनी चष्मा लावून आपलं नाव वाचलं, त्यापुढचा शब्दही वाचला. खुर्ची ओढून त्या शेजारी बसल्या.

"केव्हाची धरून बसली आहेस?"

"दस बजे से."

"बोट पांढरं पडलंय गं. जेवून घे. तोवर मी धरते."

"पक्का? सोडणार नाही ना?"

"अगं, नाव माझंच आहे."

माईंचं थंड बोट तिच्या बोटावर आलं. श्रियाने आपलं हळूच काढून घेतलं आणि तिला रडूच फुटलं. माईंनी डाव्या हाताने डबा उघडून पुढे सरकवला. ती पहिला घास घेईपर्यंत त्या बघत राहिल्या.

"भास्करसारखी बसून राहू नकोस हो," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी बोट उचललं.