हरकतदार गैरहजर

आमच्या नगरपालिकेत मला ‘छापखाना’ म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पाठीमागे म्हणजे किती मागे, तर शेजारच्या टेबलावरून. मी सभालिपिक. सभेत कोण काय बोललं, काय ठरलं ते लिहून काढायचं, त्याला इतिवृत्त म्हणतात, ते माझं काम. आणि ते मी सभेच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवतो.

हसू नका. बावीस वर्षं हेच करतोय आणि बावीस वर्षांत एक ओळ बदलावी लागली नाही. कोणता विषय कसा जाणार हे आमच्याकडे दारावरच्या शिपायालाही माहीत असतं. सूचक ठरलेला, अनुमोदक ठरलेला, शेवटी ‘सर्वानुमते मंजूर’. मग सभा झाल्यावर चार दिवस डोकं खाजवत बसण्यापेक्षा आधीच लिहिलं तर कुणाचं काय बिघडलं? सभा उठते, मी कागद पुढे करतो, अध्यक्ष सही ठोकतात आणि जेवायला जातात. मला याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

त्या सभेत सातवा विषय बाजारातल्या बायकांच्या मुतारीचा होता. कागदावर ‘महिला प्रसाधनगृह’, पण हे नाव त्या भिंतींनीही कधी ऐकलं नसेल. दोन खोल्या, एक नळ, आणि आतून कडी नाही म्हणून दोरी बांधायची. ती पाडून तिथे गाड्या लावायला जागा करायची, असं अध्यक्षांच्या मनात होतं. अख्ख्या बाजारात बायकांना दुसरी सोय नाही. पुरुषांचं सोडा हो, पुरुषांना सगळ्या भिंती आपल्याच वाटतात.

हरकती मागवल्या, तर हरकत आली एकच. भाजीवाल्या मावशीची. आणि ती लिहून कुणी दिली? मीच दिली.

कचेरीतून घरी जाताना मी रोज तिच्याकडून भाजी घेतो. त्या दिवशी टोमॅटो तोलता तोलता ती थांबली आणि म्हणाली, “साहेब, मुतारीच्या भिंतीला कागद चिकटवलाय. काय म्हणतो तो?” मी सांगितलं. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मीच कुदळ घेऊन आलोय.

“म्हणजे सकाळी सहाला इथे येणाऱ्या बाईने संध्याकाळपर्यंत काय करायचं? गाठ मारून बसायचं?”

आजूबाजूच्या बायका फिदीफिदी हसल्या. मावशी नाही हसली. “आत्ताच आम्ही घोटभर पाण्यावर दुपार काढतो, माहितीय तुम्हाला? ती पलीकडची लिंबंवाली, मुतखड्याने दोनदा दवाखान्यात जाऊन आली. आता तिला दिवस गेलेत. ती कुठे जाणार?”

मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी तिथेच रिकाम्या खोक्यावर कागद ठेवला आणि झक्कास अर्ज लिहून दिला. मावशीने खाली सही केली, एकेक अक्षर जपून. मग मी जरा ऐटीतच सांगितलं, “सोमवारी अकराला या. सभागृहाबाहेर बाक आहे, त्यावर बसा. तुमचा विषय आला की दारातून पुकारा होईल, तेव्हाच आत यायचं. बाक मात्र सोडायचा नाही. पुकाऱ्याला नसलात तर हरकत बाद.”

“पुकारतं कोण?”

“मीच.”

“मग कशाला काळजी,” असं म्हणून तिने दोन टोमॅटो जास्तीचे घातले.

आता तुम्ही विचाराल, मग गैरहजर का लिहिलंस बाबा? सांगतो. सांगताना मान वर होत नाही, पण सांगतो. हरकतदार आमच्याकडे येत नाहीत. आलेच तर बाकावर बसून बसून कंटाळतात आणि निघून जातात. त्यामुळे माझं वाक्य ठरलेलं आहे: ‘तीन वेळा पुकारा केला. हरकतदार गैरहजर. हरकत निकाली.’ रविवारी घरी बसून लिहीत होतो, हात आपोआप चालत गेला. लिहून झाल्यावर लक्षात आलं. म्हटलं, असू दे, ती आलीच तर एक पान बदलू. त्यात काय एवढं!

सोमवारी ती आली होती. धुतलेलं लुगडं, चापून बसवलेले केस, हातात पिशवी. मी आत जाताना हळूच म्हणाली, “आहे बरं का मी.” मी मान डोलावली.

आणि नेमकं त्याच सकाळी माझं कौतुक झालं होतं. मुख्याधिकारी बाई नवीन, येऊन महिना झालेला. कडक बाई. अजून कुणाला बरं म्हणाल्या नव्हत्या. त्यांनी माझ्या जुन्या फायली मागवल्या आणि सगळ्या खात्यांसमोर म्हणाल्या, “इतकं नेटकं आणि वेळेतलं काम मी कुठेच पाहिलं नाही. शिका यांच्याकडून.” बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी असं बोललं होतं. माझे पाय जमिनीला लागत नव्हते. आता घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं ना?

सातवा विषय यायला पावणेदोन वाजले. सगळ्यांना भुका लागलेल्या. बाई माझ्या डाव्या हाताला, हाताच्या अंतरावर. माझ्यासमोर फाइल, फाइलमध्ये आठवं पान, त्यावर ते वाक्य. उठून दार उघडलं तर मावशी आत येणार. ती आली की ते पान खोटं ठरणार. ते बदलायला काढलं की बाईंना दिसणार की सभा अजून चालू आहे आणि इतिवृत्त कधीचं लिहून तयार आहे. सकाळी ज्याचं कौतुक केलं ते हेच.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बघतच विचारलं, “हरकतदार? गैरहजर ना?”

दार माझ्यापासून सहा पावलांवर होतं.

“हो, साहेब,” मी म्हणालो. मघाशी चहाच्या वेळी मी पुकारा करून आलो असेन, असं सगळ्यांनी धरलं, बाईंनीही.

ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

बाहेर आलो तर मावशी बाकाच्या अगदी टोकावर, दाराकडे तोंड करून. “आला का माझा विषय?”

“आज निघालाच नाही,” मी म्हणालो. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खरं आहे. “पुढच्या सभेला या.”

“एवढंच ना? येईन की.” मग तिने माझ्याकडे हात केला. “जरा उठवा. सकाळपासून बूड हलवलं नाही. तो शिपाई दोनदा म्हणाला, मावशी, मागच्या बाजूला बायकांची सोय आहे, जाऊन या. म्हटलं नको रे बाबा, नेमकी तेवढ्यात हाक यायची.”

मी तिला हात दिला. तिने तो घट्ट धरला आणि कशीबशी उभी राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दिवशी भाजीला मी गेलोच नाही, बायको गेली. घरी पिशवी रिकामी करत म्हणाली, “अहो, भाजीवाल्या मावशीला काय जादू केलीत? म्हणाली, साहेब आपले आहेत, आपलं काम होणार. आणि बघा, काकड्या अशाच दिल्यात.”

मी खेकसलो, “भाजी आणायला गेली होतीस का चौकशा करायला?”

ती बिचारी बघतच राहिली. तिची काय चूक? मी त्या काकड्यांना हात लावला नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून बाजाराला वळसा घालून घरी जायला लागलो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

पण एक वाट शिल्लक होती. पुढच्या सभेत पहिला विषय असतो मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणं. अध्यक्ष विचारतात, कुणाची दुरुस्ती आहे का? कुणाचीच नसते. पण असली तर ती तिथे करता येते. ते कायम झाल्याशिवाय पाडकामाचा आदेश निघत नाही. एकदा कायम झालं की मग ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही. महिनाभर मी आरशासमोर पाठ केलं: साहेब, पुकारा झालाच नाही. हरकतदार बाहेर बसल्या होत्या. चूक माझी. बस, एवढंच म्हणायचं होतं. आणि त्या सभेसाठी मी आधी एक अक्षर लिहिलं नाही, कोरे कागद घेऊन गेलो.

मावशी बाकावर होतीच.

“दुरुस्ती?” अध्यक्षांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पान उलटलं.

मी उभा राहिलो. सभेत मी कधी तोंड उघडत नाही, त्यामुळे सगळ्यांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. “सातव्या विषयात, साहेब,” मी म्हणालो, “हरकतदार बहुधा बाहेर बसल्या असाव्यात. पुकारा त्यांना ऐकू गेला नसावा.”

बघा! खरं सांगायला उभा राहिलो आणि तोंडातून काय निघालं, तर हे. महिनाभराच्या पाठांतरावर पाणी.

अध्यक्ष वैतागले. “नसावा म्हणजे? तीनदा पुकारलंत असं तुम्हीच लिहिलंय.”

मुख्याधिकारी बाई म्हणाल्या, “थांबा. त्या बाई आज आल्यात का? आल्या असतील तर बोलवा त्यांना.”

सहा पावलं चाललो आणि दार उघडून पुकारलं. मावशी ताडकन उठली. आत येताना ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होती. काय बोलायचं ते तिनेही पाठ केलं होतं.

तिने तोंड उघडण्याआधीच बाईंनी विचारलं, “मागच्या सभेला तुम्ही बाहेर बाकावर होतात का? नीट आठवून सांगा. यांनी तीन वेळा पुकारलं आणि तुम्ही नव्हतात, अशी यांची नोंद आहे. तुम्ही होतात म्हणालात तर ही नोंद खोटी ठरेल. खोटी नोंद ही साधी गोष्ट नाही.”

मावशीने माझ्याकडे बघितलं. आधी तिला काही उमगलं नाही. मग उमगलं. अंगाला जाणवलं म्हणून सांगतोय, कारण मी तेव्हा टेबलाच्या पायाकडे बघत होतो.

“मध्येच उठून गेले होते, बाई,” मावशी म्हणाली. “तेवढ्यात हाक झाली असेल.”

“किती वेळ गेला होतात?”

“झाला असेल अर्धा तास. वय झालं आता. धरवत नाही.”

मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. अध्यक्षही हसले.

“मग नोंद बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा खाली आला होता, त्यांनाही बहुधा वाईट वाटलं असेल. “या तुम्ही.”

मावशी गेली. अजूनही वेळ होता. बाई पेनाचं टोपण काढत होत्या, अध्यक्ष पाणी पीत होते. तोंड उघडायला कितीसा वेळ लागतो? मी खाली बसलो, कोरा कागद पुढे ओढला आणि लिहिलं: ‘मागील सभेचे इतिवृत्त सर्वानुमते कायम करण्यात आले.’ बावीस वर्षांत पहिल्यांदाच मी सभेत घडलेली गोष्ट घडल्यावर लिहीत होतो.

मग मात्र मला बसवेना. पोटात कळ आली असं सांगून बाहेर पडलो. मावशी जिन्यात होती, कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती.

“मावशी, असं का बोललात?”

ती वळली. “तुम्ही असं का लिहिलंत, ते मी विचारलं का?”

फाडकन तोंडात मारल्यासारखं झालं. मला ते बरंच वाटलं. म्हटलं, आता ही मला शिव्या घालणार, घालू दे, जिना दणाणू दे. पण ती तिथेच पायरीवर टेकली.

“माझा नवरा गोदामावर पहारेकरी होता,” ती म्हणाली. “एकदा डुलकी लागली, कुणीतरी कागदावर लिहून दिलं, सुटली नोकरी. माणूस त्यानंतर घरात भिंतीकडे तोंड करून बसला. सहा वर्षं. मी भाजी विकायला लागले ती तेव्हापासून. तुमच्या बायकोला मी रोज बघते, साहेब. हसतमुख पोरगी आहे.” मग तिने मान वर करून विचारलं, “वाचली ना पण नोकरी?”

माझी नोकरी जाणार नव्हतीच हो. बाई कडक बोलल्या म्हणून काय झालं? मी कायम झालेला माणूस. फार तर एक खुलासा मागवला असता, सेवापुस्तकात लाल शाईने एक शेरा आला असता. आमच्या भांडारपालाला असे तीन शेरे आहेत आणि त्याला बढतीसुद्धा मिळाली. गेलं असतं ते फक्त त्या सोमवारी सकाळी मिळालेलं कौतुक. हे तिला सांगायला हवं होतं. त्या पायरीवर, त्या क्षणी, सगळं.

“वाचली, मावशी,” मी म्हणालो.

“मग झालं तर.” तिने कठडा धरला आणि उठली. “बाजारातल्या बायका वाट बघत असतील. त्यांना सांगते, मीच उठून गेले होते म्हणून. चार दिवस बोलतील मला, मग विसरतील.”

ती उतरून गेली. मी वर गेलो आणि पुढचा विषय लिहायला घेतला.