दारातली सुतळी

दुधावरची साय रोज कमी होऊन राह्यली होती. माहा शक सुनेवर, वर्षाराणीवर. म्हनून मी फ्रिजच्या दारात सुतळीचा तुकडा अडकवून ठेवला. दार उघडलं की तो खाली पडन, अन् चोर सापडन. पन सुतळी रोज जागच्या जागी, अन् साय कमीच! वरून मेला फ्रिजही थंडा करीना.

अनसिंगचा मेकॅनिक आला. चांगला पार्ट काढून नेते का काय, म्हनून मी त्याच्या हातावरची नजर हलवली नाही. त्यानं दाराच्या रबरावरून बोट फिरवलं अन् सुतळी ओढून काढली.

"हिच्यानं दार पक्कं लागत नाही, थंडी बाहेर जाते. कोनं लावली?"

मी पदरानं फ्रिजचं दार पुसाले लागली.

वर्षाराणी माह्याकडे बोट दाखवून म्हने, "लावली आत्याबाईनं. पडली की परत लावून ठेवत होती मी."