टायर मोजणाऱ्या मीटरची धास्ती

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं तर खिशातलं जुनं घड्याळ समजाल. तसाच गोल आहे मी, तशीच काच, तसाच काटा. पण मी वेळ सांगत नाही. माझ्या पोटाखालून एक बोथट सुई जेमतेम बाहेर आलेली असते. मला रबरावर दाबलं की रबर ती सुई माझ्या पोटात ढकलतं. रबर जितकं कडक, तितकी सुई जास्त आत जाते आणि माझा काटा तितका पुढे सरकतो, शून्यापासून शंभरापर्यंत. रबराचा कडकपणा मोजणारा मी एक जुना मीटर आहे, आणि माझ्या आयुष्यातले तीन महिने मी अशा भीतीत काढले की त्यांच्यापुढे आधीची सगळी वर्षं मला आता पुसट वाटतात.

माझे भाग कुणी कापले, कुणी जुळवले, मला ठाऊक नाही. मला आठवतं ते पिथमपूरच्या एका रबर कारखान्याच्या प्रयोगशाळेतलं पांढरं टेबल आणि वसुंधरा फणसे यांचा हात. कोरडा, थंड, अगदी स्थिर हात. रोज सकाळी त्या मला आधी एका तपकिरी रबरी चकतीवर दाबत. तिच्यावर साठचा आकडा कोरलेला होता. "चल, आधी तुझी हजेरी," असं म्हणत. माझा काटा साठवर थांबला की मगच दिवसाचं काम सुरू होई. बावीस वर्षांत मी एकदाही गैरहजर नव्हतो.

मग कारखान्यात आकडे उजळून दाखवणारी नवी यंत्रं आली. वसुंधराबाई निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी साहेबांकडून रीतसर चिठ्ठी लिहून घेतली आणि मला चकतीसकट घरी आणलं. शहरात बडा गणपतीच्या देवळामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, कपाटाच्या खणात मी दोन वर्षं पडून होतो. आपला उपयोग संपला, असंच मला वाटू लागलं होतं.

एका रविवारी त्यांचा भाचा अभिराम आला. तो तुकोगंजमध्ये एका आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करतो आणि हौशी लोकांच्या एका मोटर क्लबचा सेक्रेटरी आहे. राऊ गावाच्या पुढे एका बंद कारखान्याचं सिमेंटचं मोठं आवार आहे. तिथे नारिंगी शंकू मांडतात आणि एकेक गाडी घड्याळ लावून त्यांच्यामधून पळवतात. जिला कमी वेळ लागतो, ती जिंकते.

"आत्या, नुसता झगडा चाललाय," अभिराम म्हणाला. "आम्ही दोन ग्रुप केलेत. एक रोजच्या टायरवाल्यांचा, एक रेसच्या टायरवाल्यांचा. टायर किती टिकेल त्याचा नंबर बाजूला छापलेला असतो, त्यावरून ठरवतो. आता लोक असे टायर आणतात, नंबर रोजचा आणि रबर एकदम मक्खन. मतलब रूल पण पाळला आणि रेस पण मारली."

"तो नंबर छापतं कोण?"

"कंपनीच."

"मग ते कंपनीचं म्हणणं झालं. रबर काय म्हणतं ते कुणी विचारलं का?"

मित्रांनो, मऊ रबर रस्त्याला चिकटतं. वळणावर गाडी सरकत नाही. पण ते चार-सहा शर्यतींत झिजून जातं. जो माणूस सोमवारी त्याच गाडीतून मुलांना शाळेत सोडणार आहे, तो तसले टायर लावू शकत नाही. म्हणून तो दर वेळी हरायचा. वसुंधराबाईंनी क्लबला नवा नियम लिहून दिला. सगळ्या गाड्या मोजण्याआधी तासभर सावलीत उभ्या राहतील, कारण उन्हाने रबर मऊ पडतं. प्रत्येक टायर तीन जागी मोजायचा आणि मधला आकडा धरायचा. साठ किंवा वर आला तर रोजचा गट, साठच्या खाली आला तर रेसचा गट. आणि एकाच जातीच्या चार टायरांपैकी एखादाच फार मऊ निघाला, तर त्याला रबर मऊ करणारं औषध चोळलंय असं समजून मालकाला कमिटीपुढे न्यायचं. तिथे गुण रद्द होत आणि एक वर्ष बंदी येई.

पहिल्या वर्षी सगळे खूश होते. साध्या गाड्यांची माणसं प्रथमच बक्षीस घेऊन घरी गेली. बाईंनी मला दाबलं की भोवतीची कुजबुज थांबत असे. लोक त्यांच्याकडे बघत आणि मग माझ्याकडे. आकडा आला की कुणी वाद घालत नसे. मला ते फार आवडायचं. आता वाटतं, तिथेच थोडं घाबरायला हवं होतं.

त्या हिवाळ्यात वसुंधराबाईंचा हात थरथरू लागला. सकाळी चहाची बशी वाजे. त्या एकट्याच राहत, त्यामुळे ते ऐकायला मीच होतो. लोकांसमोर त्या उजवा हात शालीत ठेवत आणि मोजताना डाव्या हाताने मनगट घट्ट धरत. जानेवारीतल्या शर्यतीच्या दिवशी मी त्यांच्या बोटांतून निसटलो आणि सिमेंटवर आपटलो.

काच फुटली नाही. पण माझ्या आत सुईची दांडी किंचित वाकली आणि एका जागी घासू लागली. बाईंनी मला उचललं, पदराने पुसलं. चकती त्यांच्या पिशवीत, दोन पावलांवर होती. त्यांनी पिशवीकडे पाहिलं. मग रांगेतल्या सतरा गाड्यांकडे पाहिलं. आणि मला पुढच्या टायरवर दाबलं.

ती दांडी नेहमी अडकत नसे. कधी काटा बरोबर जाई, कधी पाच ते आठ घरं आधीच थांबे. कधी थांबेल हे मलाही कळत नसे. तुम्हाला ती भीती समजावी म्हणून काय सांगू? तुम्ही बोलायला तोंड उघडावं आणि खरं बाहेर पडेल की खोटं, हे तुमचं तुम्हालाच ठाऊक नसावं, असं ते होतं.

पहिला सापडला ऋग्वेद. तो नाशिकहून आलेला, इथल्या एका कॉलेजात शिकवणारा, कमी बोलणारा. त्याचे टायर अगदी साधे होते. मी लागोपाठ अठ्ठावन्न दाखवले.

"साठच्या खाली आहेत. तुम्हाला रेसच्या गटात जावं लागेल," बाई म्हणाल्या.

"ठीक आहे मॅडम. तुम्ही मोजलंय म्हणजे असेल," तो म्हणाला.

तो त्या गटात दोनदा शेवटचा आला. रोजच्या, साध्या गटात घुसायला बघत होता, असं मागून कुणीतरी बोललं. मार्चमध्ये तो आलाच नाही.

त्यानंतर शर्यतीचा शनिवार जवळ आला की माझ्या अंगावर काटा येई. डबी उघडू नये, असं वाटे. बाईही हल्ली डबी उघडताना क्षणभर थांबत. चकती मात्र त्या बाहेर काढत नसत. मला वाटायचं, त्या विसरल्या. नंतर कळलं की त्या विसरल्या नव्हत्या.

एप्रिलमध्ये वर्षातली शेवटची शर्यत होती. साध्या गटात वर्षभराच्या गुणांत शर्वरी पहिली होती. ती फिजिओथेरपिस्ट आहे, वडिलांची जुनी गाडी चालवते. दुसरा होता यशोधन. सकाळचे नऊ वाजले होते, शेडच्या सावलीत गाड्या ओळीने उभ्या होत्या. शर्वरीच्या तीन टायरांवर मी त्रेसष्ट दाखवले. चौथा टायर पुढचा डावा. बाईंनी मला दाबलं आणि दांडी अडकली. पंचावन्न. दुसऱ्या जागी पंचावन्न. तिसऱ्या जागी छप्पन्न.

यशोधन जवळच उभा होता. तो हळूच म्हणाला, "शर्वरी, तीन टायर एक बोलतात आणि एक वेगळं बोलतोय. काही लावलंय का?"

शर्वरी बाईंकडे वळली. "काकू, कसम से, मी काही नाही लावलं. मी तर हवा पण पंपावरच भरते. परत बघा ना एकदा."

बाईंनी परत दाबलं. पंचावन्न. त्यांनी वहीत आकडा लिहिला. शर्वरीला त्या दिवशी गाडी चालवू दिली नाही. तो टायर काढून घेतला आणि कमिटी सोमवारी दुपारी तुकोगंजच्या ऑफिसात बसेल, असं ठरलं.

त्या दुपारी घरी बाईंनी मला टेबलावर ठेवलं. शेजारी चकतीची डबी ठेवली. मग त्यांनी पाण्याने भरलेला पेला उजव्या हाताने उचलला. पाणी टेबलावर सांडलं, माझ्यापर्यंत आलं. त्यांनी पेला खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले. चकतीची डबी उघडली नाही. तेव्हा मला कळलं की आम्हा दोघांना एकच भीती आहे. चूक माझ्यात तर नाही ना, ही.

सोमवारी ऑफिसात चौघेच होते: बाई, अभिराम, शर्वरी आणि शंका काढणारा यशोधन. वर्तमानपत्रावर तो टायर आडवा ठेवला होता. अभिरामने एक कागद पुढे केला. गुण रद्द, एक वर्ष बंदी, कारण टायरला औषध लावणे.

"आत्या, फक्त तुझी सही," तो म्हणाला.

"हा कागद क्लबच्या फोनवरच्या ग्रुपवर टाकणार का?" शर्वरीने विचारलं. "माझे पेशंटपण आहेत त्या ग्रुपवर."

अभिरामने कागद बाईंकडे सरकवला. बाईंनी पेन घेतलं. 'व' लिहिला. तो इतका वाकडा आला की त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"थांबा. हा मीटर जानेवारीत माझ्या हातून पडला. त्यानंतर मी तो चकतीवर तपासलेला नाही."

"पण का नाही, आत्या?"

"तपासला असता आणि खोटा निघाला असता, तर तुम्ही विचारलं असतं, पडला कसा." त्यांनी उजवा हात शालीतून बाहेर काढून टेबलावर धरला. तो थरथरत होता. सगळ्यांनी पाहिलं. "यशोधन, तुझा हात घट्ट आहे. तू दाब. या चकतीवर साठच आला पाहिजे."

यशोधनने मला उचललं. त्याची बोटं गरम होती. पहिल्यांदा दाबलं, साठ. दुसऱ्यांदा, साठ. अभिरामने सुस्कारा सोडला. मित्रांनो, त्या क्षणी मला जितकी भीती वाटली तितकी पडतानाही वाटली नव्हती. हे आता थांबतील, मला खरा ठरवतील आणि त्या मुलीचं नाव कायमचं खराब होईल. आयुष्यात पहिल्यांदा मी मनात म्हणालो, अडक.

"अजून दाब," बाई म्हणाल्या.

तिसऱ्यांदा दांडी घासली आणि काटा चोपन्नवर थांबला. मग साठ. मग पंचावन्न. मग पुन्हा पंचावन्न.

यशोधनने मला अलगद टेबलावर ठेवलं. "भिया, हे तर लॉटरी झाली," तो अभिरामला म्हणाला. मग शर्वरीकडे न बघता म्हणाला, "उस दिन माझी गाडी आधी असती तर मीच बसलो असतो तुझ्या जागी."

शर्वरी रडली नाही. तिने तो कागद उचलला, चार तुकडे केले आणि पर्समध्ये ठेवले.

दुसऱ्या दिवशी एका कारखान्यातला तपासलेला मीटर आणून तो टायर मोजला. त्रेसष्ट. शर्वरीचे गुण राहिले आणि शेवटची शर्यत पुन्हा घेतली. ती दुसरी आली, यशोधन पहिला. क्लबच्या नियमांत दोन ओळी वाढल्या. मोजण्याआधी मीटर सगळ्यांसमोर चकतीवर लावायचा. आणि कुणाला दोषी ठरवायचं असेल तर दुसऱ्या मीटरने, दुसऱ्या हाताने पुन्हा मोजायचं. बाई आता मीटर दाबत नाहीत. वही घेऊन शेजारी बसतात, आणि त्यांचा हात उघडा असतो.

पण एक काम राहिलं होतं. पुढच्या रविवारी सकाळी त्या मला पर्समध्ये घालून ऋग्वेदच्या घरी गेल्या. त्याने दार उघडलं, बसायला सांगितलं, पाणी दिलं. बाईंनी मला त्याच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं, काही न लपवता.

ऋग्वेदने मला उचलून पाहिलं. "मॅडम, मी त्यानंतर तीनदा टायर साबणाने धुतले होते," तो म्हणाला. "मला वाटलं, पार्किंगमध्ये काही सांडलं असेल. माझंच काहीतरी चुकलं असेल."

"परत येशील का?" बाईंनी विचारलं.

"गाडी विकली मॅडम. मार्चमध्येच."

तो त्यांना जिन्यापर्यंत सोडायला आला. त्यांचा हात थरथरताना पाहून त्याने कोपराला आधार दिला. माफ केलं, असं तो म्हणाला नाही. बाईंनीही तसं मागितलं नाही.

मित्रांनो, माझ्यावर आता लाल पट्टी चिकटवली आहे, 'वापरू नये' अशी. तसली दांडी आता कुठे मिळत नाही. पण भीती गेलेली नाही. ती पट्टी एक दिवस सुकून गळेल, कुणीतरी घाईत मला उचलेल आणि माझा आकडा खरा मानेल, असं मला सारखं वाटतं. म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. ज्या आकड्याने कुणाचं नाव खराब होणार असेल, तो आकडा सांगणाऱ्याला आधी तपासा, मग तो माझ्यासारखा मीटर असो, नाहीतर तुम्ही स्वतः. आणि हातून काही पडलं, तर ते त्याच दिवशी सांगा. मला तोंड नव्हतं, तुम्हाला आहे. पहिल्या दिवशी ते एका वाक्यात सांगून होतं. तीन महिन्यांनी तेच वाक्य घेऊन कुणाच्यातरी घरी जावं लागतं, आणि तोवर त्याने गाडी विकलेली असते.