मधला दांडा

मी एक जुना लोखंडी बाक आहे. तीन उंच इमारतींच्या मधल्या चौकात मी अठरा वर्षं उभा आहे. बसायचं काम इतरांचं.

मित्रांनो, मला घडवणारा वेल्डर इथेच दुसऱ्या मजल्यावर राहतो. मी आलो तेव्हा समोर मैदान होतं. मग तिथे गाड्या लागू लागल्या, फरशी आली, 'खेळू नये' अशी पाटी आली. मुलांना मीच तेवढा उरलो. माझ्यावर चार जणांची जागा, पण सात-सात जण खेटून बसत. तेव्हा माझं फार कौतुक होई.

वेल्डरची मुलगी पंधरा वर्षांची. गेल्या वर्षी ती बोलेनाशी झाली. घराच्या खिडकीतून शेजारची भिंत दिसते. आईने "काय झालं?" विचारलं, की "काही नाही." डॉक्टर म्हणाले, प्रश्न कमी करा, शेजारी बसा. म्हणून रोज संध्याकाळी बापलेक माझ्यावर टेकून बसत. समोरासमोर तोंड न उघडणारी ती इथे एखादं वाक्य बोले. "आज झोप लागली." वेल्डरला तेवढं पुरे.

मग सोसायटीच्या बैठकीत ठरलं, की पोरं टोळकं करून बसतात, म्हणून बाकाच्या मधोमध उभा दांडा लावा. काम वेल्डरकडेच आलं. त्याने माप तीनदा घेतलं. ठिणग्या उडाल्या. मला दुखलं नाही. हल्ली मला फारसं काही वाटतच नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगी दांड्याच्या पलीकडे बसली.

"कोणी लावला?"

"मीच."

त्यानंतर अकरा दिवस ती एक शब्द बोलली नाही. मुलंही यायची थांबली. ती पोरं कुठे गेली, कोणी विचारलं नाही. मीही नाही.

बाराव्या दिवशी तिचं कोपर दांड्याला लागलं. दांडा हलला. तिने वाकून खालचा जोड पाहिला. वेल्डरचीच मुलगी ती. जोडकाम करताना आधी नुसते टाके मारतात, वस्तू जागेवर धरण्यापुरते. पक्का वेल्ड नंतर.

"बाबा, नुसते टाकेच मारलेस?"

वेल्डर चपलांकडे बघत म्हणाला, "पक्का मारायचा राहून गेला."

"तू विसरलास?"

"हं."

अठरा वर्षांत माझा एक जोड सुटलेला नाही. हा माणूस विसरत नाही.

"मग राहू दे राहिलेला," ती म्हणाली. बऱ्याच वेळाने, समोरच्या गाड्यांकडे बघत, "मी शाळेत दिवसभर बाथरूममध्ये बसून असते. रोज."

वेल्डरने मान वळवली नाही. दांड्याच्या पुढून हात पलीकडे सरकवून तळवा उघडा ठेवला. तिने तो लगेच धरला नाही. पण उठूनही गेली नाही.

मित्रांनो, माझी निगा राखा. गंज घासा, रंग द्या. फक्त कधी माझ्यावर बसलात आणि मधला दांडा हलताना दिसला, तर कुणाकडे तक्रार करू नका.